सोडायचा श्वास

पियानोच्या डाव्या बाजूला, उजेडाच्या जरा बाहेर
एक साधी खुर्ची असते. ती माझी.
टाळ्या वाजतात तेव्हा मी बुटांकडे बघतो.
चाळीस वर्षं धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडली,
आता हाप्सालूत कुणाची मैफल असली
की पानं उलटतो.
काल्यू मान हलवतो, मी उठतो,
वरचा कोपरा धरतो, आवाज न करता.
एवढंच काम.

पहिला भाग सोपा आहे म्हणतात. मला नाही वाटत.
ओबो एकच स्वर धरून बसतो
आणि पियानो त्याच्याभोवती फिरत राहतो
दार न सापडलेल्या माणसासारखा,
खिडक्या चाचपत.
गुणगुणावं असं हाती काही लागत नाही.
माझी बहीण तालमीला येऊन म्हणाली, हे काय, सुतारकाम?
म्हटलं, जवळपास.

कारण मी मेलिकेला पत्ती घडवताना पाहिलंय.
दक्षिण फ्रान्सातला देवनळ,
चिरलेला, तासलेला, भिजवून दुमडलेला,
त्यावर लाल दोऱ्याचे आवळून वेढे,
मग पातं, मग उजेडाशी धरून बघणं,
मग पुन्हा पातं.
केसभर जास्त गेलं की संपलं.
नुसती पत्ती ओठांत धरून फुंकली
तर कावळा ओरडतो.
त्या कावळ्याला माणसांत आणायला
तिचे दहा तास जातात
आणि तो टिकतो दहा दिवस,
हवा बरी असेल तर.

आमच्या खाडीत मैलभर लव्हाळी आहेत.
तिने एकदा त्यांचीही पत्ती करून पाहिली.
बोलली नाही.

दुसरा भाग. सतरा ओळी, कुठेही थांबा नाही.
हेल्मी आली होती तालमीला, संगीत तिचं,
ऐंशी पार, उजवा कान गेलेला,
म्हणून डावा पुढे करून बसलेली,
कुणी गुपित सांगत असावं तशी.
मेलिके म्हणाली, इथे श्वासाचं काय करू?
मला वाटलं, आता भांडण.
हेल्मीने विचारलं, कमी पडतो?
नाही, मेलिके म्हणाली. उरतो.

तेव्हा कळलं मला, सत्तरीत,
की त्या वाद्याचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं.
छातीभर घेतलेल्यातला घोटभर आत जातो,
बाकीचा शिळा होऊन बसतो फासळ्यांत.
ओबो वाजवणारी माणसं
हवा संपून गुदमरत नाहीत,
हवा असून गुदमरतात.

हेल्मीने पेन्सिल मागितली,
अकराव्या ओळीवर एक स्वल्पविराम काढला,
कोंबडीच्या नखाएवढा.
घेऊ नकोस इथे, म्हणाली. फक्त सोड.

मैफलीच्या रात्री बाहेर उणे चौदा,
आत साठेक माणसं, कोटांसकट.
पहिल्या भागानंतर एका चावीत पाणी भरलं,
मी खिशातून सिगारेटचा पातळ कागद काढून दिला.
ओढणं सोडून नऊ वर्षं झाली,
कागद तिच्यासाठी बाळगतो.

मग ती अकरावी ओळ.
तिने सोडला.
मोठ्याने नाही, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला,
जू उतरवल्यावर घोडा सोडतो तसा,
आणि मी, अर्धा उठलेला, कोपरा बोटांत,
विसरलो.
काल्यूने मान हलवली. पुन्हा हलवली.
मग डावा हात एकटाच चालत राहिला आठवणीवर,
दोन खण, तीन,
उजवा पान ओढायला माझ्या बाहीवरून आला.

नंतर कॉफी होती, माशाचे पाव होते,
कुणी काही बोललं नाही.
हेल्मी जवळ आली, डावा कान पुढे.
तिथे उजवा हात नव्हता, म्हणाली.
चूक झाली, म्हटलं. माझी.
ती बराच वेळ पाव चावत राहिली.
मग खोडरबर मागितलं.

घरी जाताना खाडी गोठलेली,
लव्हाळी कापणाऱ्यांनी बर्फावर भारे रचून ठेवलेले.
मी थांबलो. आधी सोडला,
सगळा, तळाचा, तिकिटांच्या दिवसांतलासुद्धा,
आणि पांढरा होऊन तो भाऱ्यांवर जाईपर्यंत
दुसरा घ्यायची घाई वाटली नाही.